कोणते पान उघडायचे होते?

सदर इसम तांत्रिक साहाय्य कक्षात कनिष्ठ साहाय्यक या पदावर एकवीस वर्षे कार्यरत आहे. वय बावन्न. बांधा मध्यम. चष्मा आहे. चहाखेरीज व्यसन नाही. ओळखीची खूण : शर्टाच्या खिशात छोटा स्क्रूड्रायव्हर, टोक वर. कामाचे स्वरूप : कर्मचाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये उद्भवणाऱ्या सुरक्षित जोडणीविषयक त्रुटींचे निवारण. दैनंदिन तक्रारी सरासरी बावीस. निवारणास लागणारा वेळ सरासरी अठरा मिनिटे. तक्रारदारास मूर्ख म्हटल्याची नोंद नाही. प्रलंबित तक्रारी : निरंक.

हा मजकूर त्याच्या साहेबांनी वार्षिक अहवालात स्वतःच्या हाताने लिहिला आहे आणि त्यात एक अक्षरही खोटं नाही. साहेबांना खोटं लिहिण्याचा कंटाळा होता. खरं लिहिण्याचाही होता, पण अहवाल द्यावाच लागतो.

कार्यालय पाणीपुरवठ्याचं. चार मजले, दोनशे साठ कॉम्प्युटर आणि तिसऱ्या मजल्यावर न थांबणारी एक लिफ्ट. साहाय्य कक्ष तळमजल्यावर, जिन्याखाली. पूर्वी तिथे पाण्याचे जुने मीटर ठेवत. भिंतीवर 'मीटर मोजून घ्यावेत' असं निळ्या रंगात अजून लिहिलेलं आहे. ते पुसायला सांगणारा अर्ज रंगकाम विभागाकडे गेला, आणि तो विभागच नंतर पुसला गेला. या खोलीत आमचा हा माणूस बसे. सगळे त्याला 'कुलूपवाले' म्हणत. कारण कोणाचाही फोन आला की तो शांतपणे विचारी, "वर पत्ता दिसतोय ना, त्याच्या डाव्या अंगाला कुलूप आहे का?" चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी एकदा खाली वाकून टेबलाचा खण पाहिला आणि म्हणाल्या, "आहे हो, पण किल्ली हरवलीय." तेव्हापासून ते नाव चिकटलं.

लाल पान म्हणजे त्याचा रोजचा पाहुणा. माणूस काहीतरी उघडायला जातो आणि समोर येतं, 'ही जोडणी सुरक्षित नाही.' मग माणूस घाबरतो, किंवा चिडतो, किंवा आधी घाबरून मग चिडतो, आणि खाली फोन लावतो. कुलूपवाल्यांना नुसत्या आवाजावरून निम्मं निदान होई. तिसऱ्या मजल्यावरचे एक अधिकारी रस्त्यापलीकडच्या चहावाल्याचं वायफाय पकडून बसत आणि मग आपलं पान चोरलं जातंय म्हणून ओरडत. एकदा अख्ख्या दुसऱ्या मजल्यावर लाल पानं उगवली, कारण नव्याने घातलेला व्हायरसमाऱ्या प्रत्येकाचं टपाल मधल्या मध्ये फोडून वाचत होता. "म्हणजे पहारेकरीच चोर?" कोणीतरी विचारलं. "चोर नाही हो," कुलूपवाले म्हणाले, "चौकस." आणि पुष्कळदा कारण अगदीच साधं असे : कॉम्प्युटरचं घड्याळ. वेबसाइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, सुरुवातीची तारीख असते आणि शेवटची. घड्याळ काही वर्षं मागे पडलं की बिचाऱ्या मशीनला वाटतं, हे सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नाही. मग ते तुम्हाला दारातच अडवतं. त्याची चूक नसते. त्याला कोणी आज कोणता दिवस आहे ते सांगितलेलं नसतं.

या कामात त्याची दोन तत्त्वं होती.

पहिलं, तक्रारवहीचा पहिला रकाना. ती वही त्यानेच आखली होती. आधी तिच्यात नाव, मजला, मशीनचा क्रमांक एवढंच असे. त्याने सगळ्यांच्या आधी एक रकाना घातला : 'कोणते पान उघडायचे होते?' नवीन माणूस कक्षात आला की त्याला तो सांगे, "मशीनला काय झालंय ते मशीन सांगतं. माणसाला काय हवंय ते माणसाला विचारावं लागतं. कोणी सिनेमा बघायला निघालेला असतो आणि कोणाची आई दवाखान्यात असते. लाल पान दोघांनाही सारखंच दिसतं. कोणाकडे आधी धावायचं?" नवीन माणूस मान हलवी. कुलूपवाले दिवसातून बावीस वेळा, एकवीस वर्षं, हा प्रश्न विचारत आले.

दुसरं तत्त्व असं की, तात्पुरता इलाज करायचा नाही. घड्याळ मागे पडलंय म्हणून तारीख हाताने पुढे सरकवली, तर उद्या मशीन बंद होऊन चालू झालं की पुन्हा तेच. मशीनच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते, घड्याळ तिच्यावर चालतं. ती बदलायची. बाकी सगळी मलमपट्टी.

आणि एक सूचना होती. तीही त्यानेच लिहिलेली, दोनशे साठ मशीनांवर चिकटवलेली : 'जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा आल्यास कोणत्याही परिस्थितीत पुढे जाऊ नये. पान बंद करावे. कक्षास कळवावे व दुरुस्ती होईपर्यंत वाट पाहावी.' ही सूचना कार्यालयात कोणीही पाळत नसे, आणि पाळणं शक्यही नव्हतं. कारण फोन केला तरी तक्रार कार्यालयाच्या वेबसाइटवर नोंदवावीच लागे, आणि त्या पानाचंच सर्टिफिकेट तीन वर्षांपूर्वी संपलेलं होतं. तक्रार करायला जावं तर लाल पान. खाली बारीक अक्षरांत 'तरीही पुढे जा'. सगळे तरीही पुढे जात. कुलूपवालेही जात. नूतनीकरणासाठी त्याने तीन अर्ज केले होते. ते विचाराधीन होते.

सूचनेची दोनशे एकसष्टावी प्रत त्याने आपल्या बहिणीच्या घरी, तिच्या कॉम्प्युटरवर चिकटवली होती.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, कारण विचारलेलं तिला आवडत नसे. पंचेचाळीस वर्षं एकाच छापखान्यासाठी प्रुफं वाचायची. आधी छापखान्यात बसून, मग घरी. दोन खोल्या, खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, लाल शाईची दोन पेनं आणि जाड भिंग. तिने त्याला वाचायला शिकवलं ते प्रुफांवर. ती प्रूफ बघे आणि धाकटा समोर बसून मूळ हस्तलिखित मोठ्याने वाची, विरामचिन्हांसकट. "'राजा म्हणाला, स्वल्पविराम, दुहेरी अवतरण सुरू, मी येतो, पूर्णविराम, अवतरण बंद.'" शाळेत गुरुजींनी धडा वाचायला उभं केलं तर हा तिथेही स्वल्पविराम म्हणून मोकळा. वर्ग हसला. घरी येऊन रडला, तेव्हा ताई म्हणाली, "हसू देत. त्यांना कुठे थांबायचं ते कळत नाही, तुला कळतं."

तर ही बाई छापलेल्या अक्षराची. छापील मजकूर एकतर दुरुस्त करायचा, नाहीतर पाळायचा. तिसरं काही त्याचं करता येतं हे तिला कधी सुचलं नाही. सूचना चिकटवल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने त्यावर लाल शाईने दोन दुरुस्त्या केल्या. त्यानंतर पाळायला लागली.

तिचा फोन आला तो एका मंगळवारी, दुपारी साडेतीनला. ते लाल पान तिला कोणत्या पानावर आलं, हे आज त्याला पाठ आहे. डोळ्यांच्या हॉस्पिटलचं पान. आठवड्यापूर्वी तिथे तिच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले होते. डावा लहानपणापासून मंद, सगळी भिस्त उजव्यावर. सरळ ओळ मध्येच वाकडी दिसते, अशी तिची तक्रार होती. फोटो मोठ्या डॉक्टरांकडे जातील, अहवाल आणि पुढची तारीख आमच्या वेबसाइटवर येईल, तुम्हाला निरोप येईल, असं तिला सांगितलं होतं. मंगळवारी निरोप आला : 'आपला अहवाल उपलब्ध आहे. कृपया पाहावा.' ती पाहायला बसली आणि लाल पान आलं. तिने पान बंद केलं. सूचनेप्रमाणे कक्षास कळवलं.

कक्षाच्या टेबलाशी तेव्हा तिसऱ्या मजल्याचे अधिकारी उभे होते, चहावाल्याचं वायफाय घेऊन.

"धाकट्या, कामात आहेस का रे?"

"बोल ताई."

"तुझं ते लाल पान आलंय माझ्याकडे. मला एक पान बघायचं होतं आणि..."

"खाली कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

तिने वाचून दाखवली. ती नऊ वर्षांपूर्वीची होती.

"घड्याळ गेलंय," तो म्हणाला. "आतली बॅटरी संपली. तू संध्याकाळी भिंतीवरचं बटण बंद करतेस ना, म्हणून रोज मागे जाणार ते."

"मग तारीख मीच बदलू का? इथे दिसतंय काहीतरी."

"छे छे. हात नको लावूस. आज बदलशील, उद्या परत तेच. काही विशेष नाहीये. मी रविवारी येऊन बॅटरी टाकतो."

"नक्की काही विशेष नाही ना?"

"अगं, रोज बावीस बघतो मी."

"बरं. मग रविवारी."

फोन ठेवला. दोन मिनिटं लागली नाहीत. समोरचे अधिकारी कौतुकाने म्हणाले, "वा! नुसतं ऐकून निदान!" त्याला बरं वाटलं. निदान अगदी बरोबर होतं, हे इथे नमूद करायला हवं.

ताईची तक्रार वहीत लिहायची नव्हती. घरचीच ती. त्यामुळे पहिला रकाना भरायची वेळ आली नाही.

त्याच संध्याकाळी त्याने बॅटरी विकत घेतली. कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे मिळाली. ती कागदी वेष्टनासकट त्याने शर्टाच्या खिशात टाकली, स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी.

पहिल्या रविवारी कार्यालयाचं मोठं मशीन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायचं होतं. दुसऱ्या रविवारी मेव्हणे आले, जेवून जातो म्हणाले आणि संध्याकाळचंही जेवून गेले. तिसऱ्या रविवारी तो निघाला, बसथांब्यापर्यंत गेला, पण खिशात स्क्रूड्रायव्हर नाही हे लक्षात आलं. परत फिरला, परत येताना वाटेत मित्र भेटला. चौथ्याला अंगात कणकण होती, म्हणजे होती असं त्याने बायकोला सांगितलं. पाचवा आणि सहावा कसा गेला ते त्याला नंतर पुष्कळ आठवूनही आठवलं नाही. सातव्या रविवारी काही कारण नव्हतं. तो गेला नाही, इतकंच.

बायको धुणं भिजवताना शर्टाचा खिसा तपासायची, बॅटरी काढून टेबलावर ठेवायची आणि सकाळी इस्त्रीच्या शर्टात परत टाकायची.

"ही असते कुठली?" तिने एकदा विचारलं.

"ताईच्या कॉम्प्युटरची."

"मग तुमच्या खिशात काय करतेय?"

"रविवारी जायचंय."

"असं का," बायको म्हणाली. "मला वाटलं तुम्हालाच लागते. हिच्यावर चालता की काय."

मधल्या काळात ताईचे दोन फोन आले. कटकट करायचा तिचा स्वभाव नव्हता. ती चूक दाखवायची आणि गप्प बसायची, तेच तिचं काम. पहिल्यांदा म्हणाली, "धाकट्या, तुझ्या सूचनेत 'वाट पाहावी' असं लिहिलंयस. मुदत लिहायची राहिलीय बघ." तो हसला. दुसऱ्यांदा तिने हॉस्पिटलात फोन लावून पाहिला होता, त्यांनी सांगितलं होतं की सगळं वेबसाइटवर आहे, तिथेच बघा; पण हे तिने त्याला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "फार दूर पडतं का रे माझं घर?"

"नाही गं. येतोच."

घर दोन बस बदलून पस्तीस मिनिटांवर होतं.

शेजारच्यांना पान उघडून मागावं, तर आपल्या दुखण्याचा कागद शेजारच्यांनी वाचावा हे तिला पटण्यासारखं नव्हतं. तिचा फोन बटणांचा. शिवाय भाऊ या विषयातला माणूस होता आणि काही विशेष नाही असं त्याने सांगितलं होतं.

आठव्या रविवारच्या आदल्या दिवशी छापखानेवाल्यांनी कुलूपवाल्यांना फोन केला. छापखानेवाले म्हणजे पंच्याहत्तरीचे गृहस्थ. त्यांनी याला हस्तलिखित वाचणारा पोरगा म्हणून पाहिलेला.

"रागावू नकोस," ते म्हणाले, "पण तुझ्या बहिणीच्या प्रुफांत चुका राहायला लागल्यात."

"ताईच्या?"

"पंचेचाळीस वर्षांत मी तिची एक चूक दाखवीन तर मिशी उतरवीन म्हणायचो. परवा सोळा पानांत अकरा निघाल्या. आणि गंमत म्हणजे सगळ्या ओळीच्या मध्यावर. कडेचं सगळं बरोबर. तिला मी बोललो नाही. माझ्याच्याने होईना."

रविवारी तो सकाळी आठलाच निघाला. ताईने दार उघडलं आणि त्याच्या कानाकडे बघत म्हणाली, "ये. आज पश्चिमेला उगवला म्हणायचा."

"ताई, माझ्याकडे बघ."

"बघतेय की. कानाकडे बघितलं की तोंड दिसतं. सरळ बघितलं की तुझ्या नाकाच्या जागी धुकं येतं." आणि त्याचा चेहरा पाहून, म्हणजे कानाकडे पाहून, तिने पुढे जोडलं, "तसंही नाक काही बघण्यासारखं नाही."

मग तिने टेबलाकडे बोट केलं. "ते आधी कर. हॉस्पिटलचं पान बघायचंय. कधीचं राहिलंय."

"कुठल्या हॉस्पिटलचं?"

"डोळ्यांच्या. त्याच्यासाठीच तर फोन केला होता."

तो खुर्चीवर बसला नाही, खाली जमिनीवर बसला. मशीनचं झाकण काढायला जमिनीवर बसावंच लागतं, हे एक बरं होतं. जुनी बॅटरी नखाने उचकटली, नवी बसवली, झाकण लावलं. मशीन सुरू केलं, तारीख घातली. लाल पान गेलं. पत्त्याच्या डाव्या अंगाला छोटं कुलूप उमटलं. एकवीस वर्षं ते कुलूप दिसलं की त्याला हायसं वाटे.

ताई शेजारी येऊन बसली. "वाच," ती म्हणाली. "मला मधलं दिसणार नाही. विरामचिन्हांसकट वाच."

"ताई..."

"वाच रे."

तो वाचू लागला. आवाज खालच्या पट्टीतला. "'उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली गळती आढळते, पूर्णविराम. उपचार त्वरित सुरू करणे आवश्यक, पूर्णविराम. पहिले इंजेक्शन पंधरा दिवसांच्या आत, स्वल्पविराम, खोली क्रमांक चार, स्वल्पविराम, सकाळी साडेदहा, पूर्णविराम.'" खाली तारीख होती. अहवाल त्या मंगळवारच्या आदल्या दिवसाचा होता.

"पुढे?"

"'रुग्ण गैरहजर, पूर्णविराम. दुसरी वेळ दिली, पूर्णविराम. रुग्ण गैरहजर, पूर्णविराम.'"

"संपलं?"

संपलं नव्हतं. एक ओळ राहिली होती. ती गाळावी असं त्याच्या मनात आलं. पण समोर बसलेल्या बाईसमोर त्याने लहानपणापासून कधी ओळ गाळली नव्हती. गाळली की तिला कळे.

"'रुग्णास उपचारात रस नसल्याचे गृहीत धरून प्रकरण बंद, पूर्णविराम.'"

ताईने लाल पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं.

"वाक्यरचना चांगली आहे," ती म्हणाली.

"ताई, मी विचारायला हवं होतं."

"काय?"

"कुठलं पान म्हणून. मी सगळ्यांना विचारतो. पहिलं तेच विचारतो."

"मीही सांगायला हवं होतं," ताई म्हणाली. "पण तू आला नाहीस, तेव्हा मला वाटलं काही नसेलच. काही असतं तर तू आला असतास, नाही का?"

हे तिने टोमण्याने म्हटलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. तिने ते हिशेब समजावून सांगावा तसं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि तिला घेऊन गेला. खोली क्रमांक चारमधल्या डॉक्टरीण बाईंनी पुन्हा फोटो काढले, जुन्याशेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"अहवाल येऊन किती दिवस झाले?"

"छप्पन्न," कुलूपवाले म्हणाले. "फोन चोपन्न दिवस प्रलंबित होता."

"इतकं नेमकं?"

"माझं कामच ते आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग ताईकडे वळून हळू आवाजात सांगितलं, "मधला भाग गेला तो आता परत यायचा नाही, मावशी. कडेचं राखू. डावा मंद असला तरी त्याचा पडदा चांगला आहे, तो जपू. पहिल्या पंधरवड्यात आला असतात तर पुष्कळ वाचलं असतं."

"पान उघडत नव्हतं," ताई म्हणाली.

हे दारातल्या टेबलावरच्या मुलीने ऐकलं. तिला वाईट वाटलं असावं, कारण ती आपुलकीने म्हणाली, "लाल पान आलं होतं का आजी? अहो, खाली बारीक लिहिलेलं असतं 'तरीही पुढे जा', ते दाबायचं. सगळे तेच करतात!"

ताई म्हणाली, "आमच्याकडे तशी पद्धत नाही."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. तिने वळून सरळ बघितलं असतं तरी त्याचा चेहरा तिला दिसला नसता, आणि त्याबद्दल त्याने मनातल्या मनात देवाचे आभार मानले व लगेच त्याची लाज वाटली. घरी पोचल्यावर तो सूचनेचा कागद नखाने खरवडायला लागला.

"राहू दे," ताई म्हणाली. "मजकूर बरोबर आहे. मुदत तेवढी लिही."

त्याने पेन घेतलं. किती लिहावं ते त्याला सुचेना. कागद तसाच आहे.

त्यानंतर त्याचा एकही रविवार चुकलेला नाही. सकाळी साडेनऊला तो टेबलासमोर बसतो आणि हस्तलिखित मोठ्याने वाचतो. ताई डाव्या डोळ्याने, भिंगातून, प्रूफ बघते. पूर्वी दिवसाला चाळीस पानं व्हायची, आता अठरा होतात. छापखानेवाले म्हणतात, चालेल. ती त्याचं वाचन ऐकताना मध्येच "'श' म्हण, 'ष' नको" असं दटावते आणि तो पुन्हा म्हणतो. कधीकधी तो ओळीच्या मध्यावर अडखळतो. का, ते दोघांना माहीत असतं. मग ती म्हणते, "स्वल्पविराम राहिला वाटतं," आणि तो स्वल्पविराम म्हणतो, तिथे नसला तरी.

बायकोने एकदा विचारलं, "आता दर रविवारी जमतं ते?" आणि उत्तराची वाट न पाहता इस्त्रीकडे वळली. खिशात आता फक्त स्क्रूड्रायव्हर असतो.

कार्यालयात तो अजून तोच प्रश्न विचारतो. पण आता विचारून झाल्यावर थांबतो. तिसऱ्या मजल्याच्या अधिकाऱ्यांनी वैतागून विचारलं, "कुठलं पान ते सांगितलं ना, पुढे काय?" तर हा म्हणाला, "ते पान तुम्हाला कशासाठी हवंय?" अधिकारी म्हणाले, "क्रिकेट," आणि फोन ठेवला.

वर्ष संपलं तेव्हा अहवालासाठी त्याने स्वतःची माहिती भरून दिली. 'वर्षातील सर्वाधिक काळ प्रलंबित तक्रार' या रकान्यात त्याने लिहिलं : 'एक. चोपन्न दिवस. कारण : साहाय्यक गेला नाही.' साहेबांनी वही मागवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली.

"वहीत तर नाही ही?"

"नाही."

"मग ती तक्रार कशी? उगाच लिहून अडचण करू नका. वर विचारतील." साहेबांनी ती ओळ खोडली आणि वळणदार अक्षरात 'निरंक' लिहिलं. मग दया येऊन म्हणाले, "निवारणाला लागलेला वेळ तरी किती होता? तो सरासरीत धरता येईल."

त्याने आठवून सांगितलं. झाकणाचे दोन स्क्रू धरून, चार मिनिटं.